पिन कोणाला माहीत आहे?



१४ एप्रिल २०१७ आठवतो? त्या दिवशी पंतप्रधानांच्या हस्ते आपल्या कोराडीच्या वीजकेंद्राच्या नव्या संचांचं लोकार्पण झालं, आणि त्याच दौऱ्यात नागपुरात मानकापूरला ‘भीम-आधार’ सुरू झालं. दुकानात पैसे द्यायला फोन नको, कार्ड नको, अंगठा पुरे. अंगठ्यावर पैसे काढायची सोय तर आधीपासूनच होती. इंजिनिअर म्हणून मला हे फार आवडलं होतं.

माझ्या खालाचा अंगठा मात्र मी कधी नीट पाहिला नव्हता. आयुष्यभर धुणीभांडी करून रेषा झिजलेल्या. ‘लाडकी बहीण’चे १,५०० रुपये काढायला ती एका दुकानात गेली. तीनदा अंगठा ठेवला. ‘होत नाही, उद्या या’ ऐकून परत आली. महिन्याने पासबुक भरलं, तर त्याच दिवशी पैसे निघाल्याची नोंद! मशीन चुकलं की माणूस, अजून कळलेलं नाही. व्यवहार झाला नाही तरी पावती मागायची, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

मग मी काय केलं? तिच्या खात्याला माझा नंबर जोडला, ॲप माझ्या फोनवर घेतलं, पिनही मीच ठरवला. खाला म्हणाली, “बरं झालं बेटा.” पण पुढे शंभर रुपये हवे असले तरी ती मला विचारायची, तेही संकोचून. पैसे तिचेच. आधी दुकानदार होता, आता मी होतो.

तुमच्या घरी अम्मीचा ओटीपी कुणाच्या फोनवर येतो? हात वर करू नका, मनात उत्तर द्या.

स्मार्टफोन नाही ही सबब आता चालत नाही. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘यूपीआय १२३पे’ आणलं, ते बटणाच्या फोनवर इंटरनेटशिवाय चालतं. फक्त खात्याला जोडलेला नंबर तिचा स्वतःचा हवा. शिकवताना एवढं पक्कं करा की पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३०. आणि योजनेचे पैसे ‘आलेच नाहीत’ असं कुणी म्हणालं, तर आधी आधारला शेवटी कोणतं खातं जोडलंय ते बघा. बऱ्याचदा पैसे त्या विसरलेल्या खात्यात पडून असतात.

खालाला आता स्वतःचं सिम घेऊन दिलंय. ती पिन टाकत होती तेव्हा मी तोंड फिरवून बसलो. एकदा चुकला, दुसऱ्यांदा लागला. शिल्लक बघून तिने फोन ओढणीत धरला. आकडा मला सांगितला नाही.