अतिथी, समाजमाध्यमे आणि आपला व्यवसाय

(सिंधुदुर्ग जिल्ह्यातील लॉजचालक आणि न्याहारी-निवास व्यवस्था चालविणाऱ्या कुटुंबांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



१९८१ साली स्थापन झालेला आपला जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, २०२१ मध्ये चिपी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि जुलै २०२५ मध्ये विजयदुर्ग व सिंधुदुर्ग या दोन्ही जलदुर्गांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. येण्याचे मार्ग असे खुले झाले. परंतु आजचा पर्यटक आपल्या अंगणात पाऊल ठेवण्यापूर्वीच फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा गुगलच्या नकाशावर आपले घर पाहून आलेला असतो. म्हणून समाजमाध्यमाकडे आपण आपला स्वागतकक्ष म्हणून पाहावे, अशी माझी विनंती आहे. जाहिरातीचा फलक एकदा लावला की काम संपते. स्वागतकक्षात मात्र कोणीतरी सदैव हजर असावे लागते.

चित्र आणि वस्तुस्थिती

पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या व स्कूबा डायव्हिंग बंद राहते. अशा वेळी डिसेंबरातील निळ्या पाण्याचे छायाचित्र टाकून जुलैची नोंदणी घेतली, तर मुलाबाळांसह कोल्हापूर-पुण्याहून आलेले कुटुंब निराश होऊन परतते आणि आपली निराशा चारचौघांत सांगते. त्याऐवजी आंबोलीचे धबधबे, भातलावणी, गरम घावणे व सोलकढी यांची खरी चित्रे दाखवावीत. खोलीबरोबर न्हाणीघर दाखवावे. समुद्र पायी किती मिनिटांवर आहे, वृद्धांना किती पायऱ्या चढाव्या लागतील, वीज गेल्यास कोणती सोय आहे, हेही नमूद करावे. आधी कळलेली उणीव पाहुणा सहज स्वीकारतो. आल्यावर कळलेली उणीव त्याला फसवणूक वाटते.

उत्तर हीच सेवा

प्रोसर्पिओ व झेर्व्हास या संशोधकांनी अमेरिकेतील टेक्सास राज्यातील हॉटेलांचा अभ्यास करून २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अभिप्रायांना उत्तरे देऊ लागलेल्या हॉटेलांना सुमारे १२ टक्के अधिक अभिप्राय मिळू लागले आणि त्यांचे सरासरी गुणांकन ०.१२ ताऱ्यांनी वाढले. मालक स्वतः वाचतो व उत्तर देतो हे दिसले, की क्षुल्लक कारणावरून ताशेरे ओढणारे कमी होतात, असे त्यामागील कारण त्यांनी दिले आहे.

उत्तर देताना प्रथम आभार मानावेत, तक्रार खरी असल्यास ती मान्य करावी आणि काय दुरुस्ती केली ते दोन वाक्यांत सांगावे. वाद घालू नये व पाहुण्याची खाजगी माहिती उघड करू नये. नातेवाइकांकडून खोटी स्तुती लिहवून घेण्याचा मोह टाळावा. ऑनलाइन अभिप्रायांच्या विश्वासार्हतेसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये स्वतंत्र मानकही प्रसिद्ध केले आहे.

याहून महत्त्वाचे म्हणजे तक्रार पाहुणा घरात असतानाच समजली पाहिजे. पाहुणा उतरल्यावर तासाभराने व्हॉट्सॲपवर "पंखा, पाणी सर्व व्यवस्थित आहे ना?" एवढे विचारावे. बिघडलेला नळ त्याच संध्याकाळी दुरुस्त झाला, तर तो आठवडाभराने जगासमोर मांडला जाण्याचा प्रसंग सहसा येत नाही.

सावधगिरी

हॉटेलांच्या नावे बनावट पाने काढून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार देशात घडत आहेत. यात पाहुण्याचे पैसे जातात आणि आपले नाव जाते. आपल्या पानावर, गुगलवर व दारावरील फलकावर एकच दूरध्वनी क्रमांक द्यावा, आणि रक्कम कोणाच्या नावे भरावयाची ते स्पष्ट लिहावे. फसवणूक आढळल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळविण्यास पाहुण्यास सांगावे.

आपल्यापैकी अनेकांनी कर्ज काढून दोन-चार खोल्या बांधल्या आहेत आणि मोजक्या महिन्यांच्या हंगामावर वर्षाचे हप्ते अवलंबून आहेत. मोठ्या हॉटेलांप्रमाणे जाहिरातीवर खर्च करणे आपणास शक्य नाही. मात्र खरे चित्र, वेळेवर उत्तर आणि दिलेल्या शब्दाचे पालन यांसाठी भांडवल लागत नाही. घरातील एका तरुण मुलाने वा मुलीने रोज अर्धा तास या कामासाठी द्यावा आणि येत्या हंगामापूर्वीच त्याचा प्रारंभ करावा, एवढेच आवाहन करून मी आपली रजा घेतो.