आयुर्विमा: घ्यावा काय, आणि कोणता?



आयुर्विम्याविषयी बोलताना आरंभी एका कुटुंबाची हकीकत सांगणे मला आवश्यक वाटते. मध्य प्रदेशातील एका जिल्ह्याच्या गावी माझ्या परिचयाचे एक शिक्षक राहत असत. खाजगी शाळेतील नोकरी, घरात पत्नी आणि सातवीत शिकणारी मुलगी. वयाच्या ४२व्या वर्षी हृदयविकाराने ते गेले. माणूस अत्यंत व्यवस्थित. कपाटात तीन विमापत्रे नीट जपून ठेवलेली होती. तिन्ही मिळून विम्याची रक्कम १० लाख रुपये, आणि त्यांपायी ते दरसाल ५२ हजार रुपये भरीत असत. एकही हप्ता चुकलेला नव्हता. बोनस धरून पत्नीच्या हाती सुमारे १२ लाख आले. घराच्या कर्जापोटी ९ लाख गेले, आणि उरलेल्या ३ लाखांत घर वर्षभराहून थोडे अधिक चालले.

या गृहस्थांनी उधळपट्टी केली नव्हती, की कोणी त्यांना फसवलेही नव्हते. प्रत्येक विमा घेताना त्यांनी एकच प्रश्न विचारला होता: ‘मुदत संपल्यावर माझ्या हाती किती येईल?’ ‘मी नसलो तर घराला किती लागेल?’ हा दुसरा प्रश्न विचारायचा राहून गेला. विमा घ्यावा काय आणि कोणता घ्यावा, याचा सारा विचार या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू झाला पाहिजे, एवढेच मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

विम्यामागील तत्त्व साधे आहे. अमुक एक मनुष्य केव्हा मरेल, हे कोणालाही सांगता येत नाही; परंतु एका वयाच्या हजारो माणसांपैकी वर्षभरात सुमारे किती दगावतील, हे मात्र सांगता येते. एडमंड हॅली या ज्योतिर्विदाने १६९३ मध्ये ब्रेस्लाउ शहरातील जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून असे कोष्टक प्रसिद्ध केले, आणि पुढे अशाच कोष्टकांवर विम्याचे शास्त्र उभे राहिले. आपण एक कल्पित हिशेब करू. समजा, एका वयाच्या १,००० माणसांपैकी वर्षभरात दोघे जण मृत्यू पावतात. प्रत्येकाने २,००० रुपये काढले, तर २० लाख जमतात, आणि त्या दोन्ही कुटुंबांना १० लाख रुपये देता येतात. उरलेल्या ९९८ जणांना काहीच परत मिळत नाही. हाच निव्वळ मुदतीचा विमा, ज्याला व्यवहारात ‘टर्म’ विमा म्हणतात. वयानुसार मृत्यूचे प्रमाण वाढत असल्याने प्रत्यक्षात सर्व वर्षांची सरासरी काढून हप्ता ठरवतात, आणि त्यात कंपनीचा खर्च मिळवतात.

आता दुसरा प्रकार पाहू. जिवंत राहणाऱ्यालाही २० वर्षांनी १० लाख हवे असतील, तर ते पैसे त्याच्याच खिशातून आले पाहिजेत. दुसरीकडून येणार कोठून? म्हणजे वर्षाला सुमारे अर्धा लाख भरणे आले. हा ‘एंडोमेंट’ विमा. ठरावीक वर्षांनी थोडीथोडी रक्कम परत देणारा ‘मनी बॅक’ हे त्याचेच एक रूप. आजीवन विम्यात मृत्यू केव्हाही झाला तरी रक्कम मिळते, म्हणून त्याचाही हप्ता मोठा असतो. युनिट-संलग्न विम्यात हप्त्याचा एक भाग शेअर वा कर्जरोख्यांत गुंतवला जातो, आणि बाजारातील चढउतारांची जोखीम विमेदाराला पत्करावी लागते. सारांश, पहिल्या प्रकारात आपण केवळ संरक्षण विकत घेतो. बाकीच्या प्रकारांत संरक्षणाला बचतीची जोड असते, आणि हप्त्याचा फार मोठा भाग त्या बचतीकडेच जातो.

परंतु प्रकार निवडण्यापूर्वी विम्याची गरज आहे काय, हे पाहिले पाहिजे. ज्याच्या मिळकतीवर दुसरे कोणी अवलंबून नाही, आणि ज्याच्या डोक्यावर दुसऱ्याला फेडावे लागेल असे कर्ज नाही, त्याला आयुर्विम्याची निकड नसते. लहान मुलाच्या नावे विमा उतरवण्याची आपल्याकडे हौस आहे. पण घर चालते ते आईबापांच्या कमाईवर, तेव्हा विमा त्यांचा असावा. याउलट, गृहिणीला मिळकत नाही म्हणून तिच्या विम्याचा विचारच होत नाही. तिच्या पश्चात मुलांचे, वृद्धांचे आणि स्वयंपाकाचे काम पैसे देऊन करून घ्यावे लागले, म्हणजे त्या श्रमांची किंमत कळते.

विमा किती असावा, याचा हिशेब त्या शिक्षकांच्याच घराचा करू. त्यांच्या पश्चात घरखर्च वर्षाला अडीच लाख. मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत १२ वर्षे. म्हणजे ३० लाख. कर्ज ९ लाख, मुलीचे उच्च शिक्षण ६ लाख. एकूण ४५ लाख. त्यांतून भविष्यनिर्वाह निधी आणि ठेवी यांचे ५ लाख वजा केले, की उरतात ४० लाख. महागाई आणि ठेवींवरील व्याज साधारणपणे एकमेकांना तोलतात, असे येथे धरले आहे. त्यांचा विमा होता १० लाखांचा. मघाच्या कल्पित दराने ४० लाखांच्या निव्वळ संरक्षणाला ८ हजार पडतात. त्यावर खर्च कितीही चढवला तरी तो आकडा ५२ हजारांच्या जवळपासही जात नाही. उरलेली रक्कम त्यांना भविष्यनिर्वाह निधीत किंवा ठेवींत घालता आली असती.

‘पण जगलो तर भरलेले पैसे वाया गेले,’ असे यावर नेहमी म्हटले जाते. वर्षभर चोरी झाली नाही म्हणून रखवालदाराचा पगार वाया गेला, असे मात्र आपण म्हणत नाही. तरीही एंडोमेंटची बाजू अगदीच लंगडी आहे, असे माझे म्हणणे नाही. हाती आलेला पैसा टिकत नाही, असा ज्यांचा अनुभव आहे, त्यांना सक्तीची बचत उपकारक ठरते. अशांनीही प्रथम पुरेसे संरक्षण घ्यावे आणि मग बचतीकडे वळावे. शिवाय हप्ता आयुष्यभर झेपेल एवढाच असावा. कारण सुरुवातीच्या वर्षांत विमा मोडल्यास भरलेल्यापेक्षा बरेच कमी हाती येते. प्रतिनिधीचे कमिशन हप्त्याच्या प्रमाणात असते, हेही त्याचा सल्ला ऐकताना ध्यानात असावे.

ज्यांना अधिक काही परवडत नाही, त्यांच्यासाठी २०१५ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आहे. बँकेत खाते असलेल्या १८ ते ५० वर्षे वयाच्या व्यक्तीला वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा विमा तीत मिळतो. गरजेच्या मानाने रक्कम अपुरी आहे. पण ज्या घरात काहीच नाही, तेथे तिचे मोल मोठे.

शेवटी तीन सावधगिरीच्या गोष्टी. अर्जात आजार किंवा व्यसन लपवू नये. तीन वर्षांनंतर विमापत्रावर आक्षेप घेता येत नाही, असे कायदा आता सांगतो. पण मृत्यू त्याआधीच आला, तर लपवलेली गोष्ट विधवेच्या दाव्याआड उभी राहते. दुसरी गोष्ट, विमापत्र हाती येताच वाचावे. मनास न आल्यास ३० दिवसांत ते परत करता येते. तिसरी गोष्ट नामनिर्देशनाची. अविवाहित असताना भावाचे नाव दिलेले असते, आणि लग्नानंतर ते बदलायचे राहून जाते. कर्जाचा धोका असलेल्या व्यापाऱ्याने तर १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली पत्नी व मुलांसाठी विमा घ्यावा. तो पैसा सहसा सावकाराच्या हाती जात नाही.

आज घरी गेल्यावर एका कागदावर तीन आकडे लिहा: घराला दरसाल किती लागते, किती वर्षे लागेल, आणि आज हाताशी काय आहे. तो कागद पत्नीला किंवा पतीला दाखवा. विमापत्रे कोठे ठेवली आहेत, तेही सांगा. त्या शिक्षकांच्या पत्नीला आपल्या पतीची विमापत्रे किती रकमेची आहेत, हे त्यांच्या मृत्यूनंतर पाचव्या दिवशी कळले होते.