तटाबाहेरचे बहादरपुर



शत्रूच्या मुलखात खोलवर शिरायचे, नेमक्या जागी घाव घालायचा आणि तो सावध होण्याआत परत फिरायचे, यासाठी आज अनेक देश खास दले बाळगतात. लिथुआनियासारख्या लहान देशाने तर २००८ साली अशा दलाला सैन्याची स्वतंत्र शाखाच करून टाकले. आपल्याकडे ही विद्या जुनी आहे, आणि तिचा एक मोठा प्रयोग आपण बसलो आहोत त्याच गावावर झाला.

१६ जानेवारी १६८१ रोजी रायगडावर संभाजीराजांचा राज्याभिषेक झाला. महिना सरता सरता मराठी फौज बऱ्हाणपुरावर येऊन थडकली. सेनापती होते हंबीरराव मोहिते. सुभेदार खानजहान औरंगाबादेस होता. इथे त्याचा नायब काकरखान तोकड्या शिबंदीनिशी होता. बऱ्हाणपुराला तट होता, बहादरपुराला नव्हता. शहरापासून दीडएक कोसावरचे हे सराफांचे आणि व्यापाऱ्यांचे श्रीमंत पुरे. पहिला घाव इथेच पडला.

मोगलांचा इतिहासकार खाफीखान लिहितो की हल्ला इतका अचानक झाला, की लोकांना ना पैसा वाचवता आला, ना बायकामुले. काकरखानाने धूर पाहिला आणि वेशी बंद केल्या. हसनपुरासह आणखी सतरा पुरी लुटली गेली. तीन दिवस हे चालले. तटावरचा हल्ला मात्र परतवला गेला.

खरे कौशल्य परतीत दिसते. खानजहान एका दिवसरात्रीत बत्तीस कोस तुडवून फर्दापूरच्या घाटाशी आला, पण तिथे काही प्रहर थांबला. मग चोपड्याची वाट अडवायची सोडून एदलाबादेकडे, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरकडे वळला. तोवर मराठे चोपड्यावरून चार-पाच दिवसांत साल्हेरला पोहोचले. खानजहानाने लाच घेतली, अशी कुजबूज मोगलांतच झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः बऱ्हाणपुरात आला. उत्तरेला तो परत कधी गेला नाही.

आपण मराठी माणसे ही मोहीम अभिमानाने सांगतो, आणि सांगावीच. खाफीखान मोगलांच्या बाजूचा, तेव्हा त्याचे शब्द पारखूनच घ्यावेत. तरीही ज्यांची घरे जळली ती माणसे याच मातीतली होती. बादशहाशी झुंज रायगडाची होती. किंमत मोजली ती तटाबाहेरच्यांनी.

हे इथेच घडले असे नाही. १९४४ ते १९५३ या काळात लिथुआनियाचे लढवय्ये रानात राहून सोव्हिएत सत्तेशी झुंजले. त्यांना भाकरी दिली ती शेतकऱ्यांनी. १९४८च्या मे महिन्यात एकाच मोहिमेत सुमारे चाळीस हजार लोक सैबेरियाकडे हद्दपार झाले, त्यांत अशी घरे पुष्कळ होती. तिथे लढणारे त्यांचे आपले होते, इथे परके. पण तट नसलेल्या घरावर संकट येते ते सारखेच.

खाफीखान आणखी एक गोष्ट नोंदवतो. घरमालकांनाही ठाऊक नसलेले पुरलेले धन त्या वेळी बाहेर निघाले. २०२५ साली ‘छावा’ चित्रपट आला आणि असीरगडाजवळच्या शेतांत लोक रात्री मोबाइलच्या उजेडात सोन्याची नाणी शोधू लागले. साडेतीनशे वर्षांनी आपल्याला त्या लुटीतले सोने तेवढे आठवले.

१७६० साली उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले. ज्यांनी हे शहर लुटले, त्यांच्याच वारसांवर ते राखायची जबाबदारी आली. आपल्यापैकी कित्येकांची घराणी त्यानंतर इथे रुजली. म्हणून आपण दोन्हींकडचे वारस आहोत, घोड्यावरून आलेल्यांचे आणि दार लावून आत बसलेल्यांचेही. नातवंडांना हंबीररावांची चपळाई सांगाल तेव्हा काकरखानाने लावून घेतलेली वेसही सांगा, आणि ती लागली तेव्हा बाहेर कोण राहिले होते, तेही सांगा.