प्रा. अमर बोस : एका विद्याव्रतीचे स्मरण
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा संक्षिप्त पाठ)



विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी हात देणाऱ्या या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात ज्यांचे स्मरण करण्याचे मी योजिले आहे, ते प्राध्यापक होते, संशोधक होते, उद्योजक होते आणि अखेरीस थोर दातेही ठरले. त्यांचे नाव प्रा. अमर गोपाल बोस. त्यांच्या नावाचे स्पीकर आणि हेडफोन आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. परंतु त्या नावामागील शिक्षक फारसा परिचित नाही.

त्यांचे वडील नोनी गोपाल बोस हे कलकत्त्यातील पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या कार्यामुळे त्यांना कारावास घडला आणि पुढे १९२० च्या सुमारास ते अमेरिकेत पोहोचले. तेथे फिलाडेल्फिया शहरी २ नोव्हेंबर १९२९ रोजी अमर यांचा जन्म झाला. आई अमेरिकन, वडील बंगाली. वडिलांच्या वर्णामुळे उपाहारगृहात या कुटुंबाला जेवण नाकारले जाण्याचे प्रसंगही आले. दुसऱ्या महायुद्धात वडिलांचा आयातीचा व्यवसाय मंदावला, तेव्हा तेरा-चौदा वर्षांच्या अमरने घरी रेडिओदुरुस्ती सुरू केली आणि त्या मिळकतीने संसाराला आधार दिला. विद्युत अभियांत्रिकीचा त्यांचा पहिला पाठ हा असा पोटापाण्याच्या निकडीतून गिरवला गेला.

१९४७ साली ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी या विख्यात संस्थेत दाखल झाले. तेथे थोर गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर आणि प्रा. युक-विंग ली यांच्या सान्निध्यात त्यांची घडण झाली. १९५६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर वर्षभर भारतात राहून ते त्याच संस्थेत अध्यापक झाले, ते २००१ पर्यंत, म्हणजे सुमारे पंचेचाळीस वर्षे.

त्यांच्या संशोधनाचा प्रारंभ एका निराशेतून झाला. १९५६ मध्ये त्यांनी उत्तम प्रतीची संगीतयंत्रणा विकत घेतली. कागदावरील तांत्रिक मोजमापे निर्दोष होती. पण लहानपणी व्हायोलिन शिकलेल्या त्यांच्या कानांना तो आवाज खरा वाटेना. मोजमाप बरोबर आणि अनुभव चुकीचा, असे का व्हावे? या प्रश्नाचा त्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. संगीतसभागृहात श्रोत्यापर्यंत पोहोचणाऱ्या ध्वनीचा मोठा भाग थेट वाद्यातून येत नाही, तो भिंती व छतावरून परावर्तित होऊन येतो, ही गोष्ट त्यांनी महत्त्वाची मानली. १९६४ मध्ये त्यांनी कंपनी स्थापन केली. कंपनी काढण्याचा आग्रह प्रा. ली यांचाच होता आणि आपल्या बचतीतील १०,००० डॉलरही त्यांनी शिष्याच्या हाती ठेवले. गुरूने शिष्यावर टाकलेला हा विश्वास मला फार मोलाचा वाटतो. कंपनीचा १९६६ चा पहिला स्पीकर बाजारात चालला नाही. १९६८ चा '९०१' मात्र गाजला. त्यातील नऊ घटकांपैकी आठ मागील भिंतीकडे आणि केवळ एक श्रोत्याकडे तोंड करून बसविलेला होता.

१९७८ मध्ये झुरिकहून परतताना विमानातील हेडफोनमधून संगीत ऐकू येईना. इंजिनाची घरघर सर्व काही गिळून टाकी. बोस यांनी त्याच प्रवासात गणित मांडण्यास आरंभ केला. कानाजवळील मायक्रोफोनने गोंगाट टिपावयाचा आणि त्याच्या नेमक्या उलट लहर निर्माण करून तो शमवावयाचा, अशी ती कल्पना. वैमानिकांसाठीचा हेडसेट विक्रीस आला तो १९८९ मध्ये. मध्ये अकरा वर्षे गेली. मोटारीला खड्ड्यांचे हादरे बसू नयेत म्हणून स्प्रिंगऐवजी विद्युत-चुंबकीय मोटरी वापरण्याचे काम १९८० मध्ये सुरू झाले आणि २००४ मध्ये जगासमोर आले. वजन व किंमत यांमुळे ती यंत्रणा मोटारींत रुजली नाही. तिच्यातून पुढे मालमोटारचालकांसाठी हादरे शोषणारे आसन निघाले.

इतकी वर्षे खर्च करणे त्यांना शक्य झाले, कारण त्यांनी कंपनीचे समभाग शेअरबाजारात कधी आणले नाहीत. नफा पुन्हा संशोधनात घालावा, हा त्यांचा नेम होता. दर तिमाहीला हिशेब मागणारे भागधारक असते, तर त्यांनी अकरा वर्षे थांबण्यास संमती दिली असती काय, याचा विचार आपणच करावा.

असे असूनही वर्ग त्यांनी सोडला नाही. सूत्रे पाठ होण्यापेक्षा विद्यार्थ्याने विचार करावयास शिकावे, असा त्यांचा कटाक्ष असे. ध्वनिशास्त्रावरील त्यांची १९९५ मधील व्याख्याने एमआयटीने चित्रफितींच्या रूपाने सर्वांना खुली केली आहेत. विद्यार्थी मित्रांनी ती अवश्य पाहावीत.

२०११ मध्ये त्यांनी कंपनीचे बहुसंख्य समभाग एमआयटीला दान दिले. या दानाची रचना मननीय आहे. त्या समभागांना मताधिकार नाही, संस्थेला ते विकता येत नाहीत आणि कारभारात तिला वाटाही नाही. दरवर्षी मिळणारा लाभांश शिक्षण व संशोधनासाठी वापरावा, इतकेच. म्हणजे कंपनीचे स्वातंत्र्य अबाधित राहिले आणि विद्येचा झराही वाहता राहिला. १२ जुलै २०१३ रोजी वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

बंधू-भगिनींनो, आपण शिष्यवृत्ती देतो, वसतिगृहे बांधतो, आणि लगेच विचारतो, मुलाला नोकरी लागली का? प्रश्न रास्त आहे. गरजू घराला मिळकत हवीच असते. रेडिओ दुरुस्त करून घर सावरणाऱ्या मुलाला हे कोणी शिकवावयास नको होते. परंतु शंभरातील एखादा विद्यार्थी असा निघतो, ज्याला एखाद्या प्रश्नाने पछाडलेले असते. त्याला पैशाइतकीच अवधीची गरज असते. लवकर निकाल न मागता त्याच्या पाठीशी उभे राहणे, हेही विद्यादानच आहे. किंबहुना ते अधिक अवघड आहे, कारण त्यात फळ आपल्या डोळ्यांदेखत मिळेलच असे नाही. प्रा. ली यांनी ते केले, म्हणून बोस घडले. आणि बोस यांनी ते पुढील पिढ्यांसाठी करून ठेवले.

संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांत अशा एखाद्या विद्यार्थ्यासाठी थोडा निधी आणि पुष्कळ धीर राखून ठेवावा, एवढी नम्र विनंती.