मैदानाच्या कडेचे नाना



स्मृतिव्याख्यानाची आपल्याकडे एक रूढ रीत आहे. ज्याच्या स्मरणार्थ व्याख्यान, त्याच्याविषयी आरंभी चार गौरवाची वाक्ये बोलायची आणि मग वक्त्याने आपल्या आवडत्या विषयाकडे वळायचे. मी मराठीचा प्राध्यापक होतो, तेव्हा संतसाहित्यावर किंवा इंदूरच्या मराठी परंपरेवर बोलेन, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ त्यांच्या कन्येने शाळेकडे ही ठेव सोपविली, ते नाना हाच आज माझा विषय आहे. सारे रामबाग त्यांना नाना म्हणत असे. मीही तसेच म्हणणार आहे. त्यांनी ग्रंथ लिहिला नाही, कोणते पद भूषविले नाही, आणि ते खेळाडूही नव्हते. एका कचेरीत ते हिशेबनीस होते. घर सांभाळीत आणि कॉलेजच्या मुलांचे सामने पाहत. अशा माणसाचे चरित्र सांगण्याजोगे असते काय, एवढाच प्रश्न मी आपल्यापुढे ठेवतो.

नानांचे तारुण्य इंदूरच्या क्रिकेटच्या वैभवकाळात गेले. कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, हिरालाल गायकवाड ही नावे तेव्हा घरातल्या माणसांसारखी उच्चारली जात. होळकर संघाने १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ अशा चार मोसमांत रणजी करंडक जिंकला. महायुद्धाच्या काळात महूच्या छावणीत असलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात होळकरांकडून खेळले आणि मुंबईविरुद्ध २४९ धावा काढून नाबाद राहिले. सामना मात्र होळकर हरले. पुढच्याच मोसमात याच इंदुरात म्हैसूरविरुद्ध होळकरांनी ८ बाद ९१२ धावा केल्या. एकाच डावात सहा फलंदाजांची शतके झाली, आणि त्या सहांत पन्नाशी गाठलेले कर्नल नायडूही होते.

या ९१२ धावांपैकी आपण किती पाहिल्या, असे मी एकदा नानांना विचारले. ते म्हणाले, “एकही नाही.” त्या दिवसांत त्यांच्या आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती, डोळ्यांवर पट्टी होती आणि नाना उशाशी बसून होते. मी हळहळलो. त्यावर ते शांतपणे म्हणाले, “अरे, धावा दुसऱ्या दिवशी छापून येतातच. आईजवळचं बसणं कुठे छापून येतं?” त्या वेळी त्यांचे वय विशीच्या आसपास होते, हे आपण ध्यानात घ्यावे.

१९५४-५५ च्या मोसमानंतर होळकर संघ राहिला नाही. पुष्कळांचा मैदानाशी संबंध तेव्हाच संपला. नानांचा संपला नाही, कारण त्यांचे खरे प्रेम कॉलेजच्या संघावर होते. होळकर कॉलेजात ते शिकले होते, संघात मात्र कधी निवडले गेले नव्हते. मोठ्या सामन्याला माणसे येतातच, कॉलेजच्या पोरांना कोण आहे, असे ते म्हणत. १९५७ साली उज्जैनचे विक्रम विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी इथली महाविद्यालये आग्रा विद्यापीठाला जोडलेली होती. संघ बाहेरगावी निघाला की नाना स्टेशनवर जात आणि दशम्या-चटणीचे पुडके मुलांच्या हाती देत. १९६४ साली इंदूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले, तेव्हा “आता पोरांचे हाल कमी होतील,” हीच त्यांची पहिली प्रतिक्रिया होती.

मी त्यांना जवळून पाहिले ते साठच्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना. क्रिकेट असो, हॉकी असो, कबड्डी असो, कचेरी सुटली की त्यांची सायकल मैदानाच्या कडेला उभी असे. ते ओरडत नसत. बाद होऊन परतणाऱ्या मुलाला ते नावाने हाक मारीत आणि पाण्याचा तांब्या पुढे करीत. जिंकलेल्यांच्या भोवती गर्दी असे, म्हणून ते हरलेल्यांपाशी जाऊन उभे राहत. प्रतिपक्षाच्या संघापाशीही जात.

त्यांच्या निधनानंतर कन्येने मला त्यांची एक वही दाखविली. तिच्या पुढच्या बाजूने घरखर्च लिहिलेला आहे: किराणा, दूध, मुलांची फी, औषधे. वही उलटी केली की मागच्या बाजूने कॉलेजच्या सामन्यांचे गुणफलक सुरू होतात. औषधांच्या नोंदी वाढतात, त्या वर्षांत मागची पाने जवळजवळ कोरी आहेत. ती वहिनींच्या आजाराची वर्षे. अर्धांगवायूने वहिनी अंथरुणाला खिळल्या आणि नानांनी त्यांचे सगळे स्वतःच्या हाताने केले. वेणी घालण्यापासून पथ्याच्या भातापर्यंत. मैदान सुटले, पण त्याबद्दल एक शब्द मी ऐकला नाही. पुढे मुलगी कॉलेजातून घरी आली की वहिनीच म्हणत, “जा हो, तासभर जाऊन या. आल्यावर मला सांगा कोण जिंकलं ते.” त्या तासाभराच्या नोंदी वहीत आहेत. प्रत्येक गुणफलक अर्धाच आहे.

त्या मुलीची गोष्टही सांगितली पाहिजे. ती कॉलेजकडून खो-खो खेळे. सत्तरच्या दशकात मुलीने परगावी सामन्याला जाणे आपल्या अनेक घरांत रुचत नसे. नानांच्या घरीही वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली. नानांनी वाद घातला नाही. “दुसऱ्यांच्या मुलांसाठी मी इतकी वर्षं टाळ्या वाजवल्या, आता घरच्या मुलीसाठी हात आखडू का?” एवढेच ते बोलले आणि स्वतः तिला गाडीत बसवून आले. मुलाला खेळाची मुळीच आवड नव्हती, तो तबला शिकत होता. त्याच्या प्रत्येक बैठकीला नाना पहिल्या रांगेत असत. त्यांना तालातले फारसे कळत नसे. मुलगा वाजवतो आहे, तेव्हा बापाने समोर बसावे, एवढे त्यांना कळत होते.

श्रोतेहो, साहित्याच्या अभ्यासकाला रसिकाचे महत्त्व सांगावे लागत नाही. ऐकणारा नसेल तर कीर्तनही उभे राहत नाही. खेळाचे तेच आहे आणि संसाराचेही तेच आहे. आपण नोंद ठेवतो ती खेळणाऱ्याची. जो येऊन बसला, थांबला, पाणी दिले, त्याची नोंद कोणी ठेवीत नाही. २०२२ च्या जूनमध्ये बंगळुरात मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून प्रथमच रणजी करंडक जिंकला, तेव्हा इंदुरात आनंद झाला. १९९८-९९ चा अंतिम सामना हरलेल्या संघाचे कर्णधार चंद्रकांत पंडित या वेळी प्रशिक्षक होते, म्हणून तो आनंद अधिक गहिरा होता. नाना तेव्हा हयात नव्हते. असते, तर त्यांनी पराभूत मुंबईच्या मुलांचीही चौकशी केली असती, याविषयी मला शंका नाही.

आज मात्र आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या सामन्यांना मैदानाची कड रिकामी असते. मुले खेळतात आणि पाहायला कोणी नसते. पालकांना वेळ नाही, शिक्षकांना कागदपत्रांतून सवड नाही. माजी विद्यार्थी देणगी देतात, त्यांचे ऋण आहेच. पण नानांच्या स्मरणार्थ माझे मागणे पैशाचे नाही. वर्षातून एक संध्याकाळ आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेच्या मैदानावर येऊन बसावे. नातवाचा संघ असो वा नसो, हरलेल्या मुलाला नावाने हाक मारावी.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मी माझ्यापुरते दिले आहे. आपले उत्तर आपण द्यावे.