न सांगता येणारी आठवण

गावोगावहून आलेले डॉक्टर, मानसशास्त्राचे अभ्यासक आणि घरी विस्मरणाच्या रुग्णाचे सगळे करणारी मंडळी, साताऱ्यात आपले मनापासून स्वागत. करणाऱ्यांचे नाव शेवटी आले, पण पुढच्या दोन रांगा त्यांच्यासाठीच राखल्या आहेत.

१९११ साली जिनिव्हाचे डॉक्टर एदुआर क्लापारेद यांनी एका रुग्ण बाईंची हकीकत प्रसिद्ध केली. बाईंच्या लक्षात नवे काही राहतच नसे. रोजचे डॉक्टरही त्यांना परके. एकदा बोटांत टाचणी लपवून क्लापारेद यांनी त्यांचा हात हातात घेतला. टोचल्याचे बाई थोड्याच वेळात विसरल्या. पुन्हा डॉक्टरांनी हात पुढे केला, तेव्हा मात्र बाईंनी आपला हात चटकन मागे घेतला. का, म्हणून विचारले तर म्हणाल्या, कधी कधी लोकांच्या हातात टाचण्या असतात! आपल्यालाच टोचली होती, हे काही सांगता येईना. (आज असला प्रयोग कोणतीही नैतिकता समिती मंजूर करणार नाही, आणि ते बरेच आहे.)

पुढे अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन यांची १९५३ मध्ये अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि नव्या आठवणी साठणे थांबले. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत हात छान सरावला. हे आपण आधी केले आहे, याचा मात्र पत्ता नाही.

तरीही आम्ही दवाखान्यात एवढेच विचारतो, आज वार कोणता, सकाळी काय खाल्ले. उत्तर नाही आले की कागदावर शून्य. मग आजोबांच्या समोरच घरचे बोलू लागतात, ‘त्यांना काय कळतंय!’ माझा या वाक्यावर राग आहे. ते शून्य सांगता येण्याला मिळालेले असते. स्मृतीचा मोठा भाग त्या तपासणीत आलेलाच नसतो. अल्झायमरच्या रुग्णांना आनंदाच्या आणि दुःखाच्या चित्रफिती दाखवल्या, तर त्यात काय होते हे विसरल्यावरही ती भावना मागे राहते, असे अभ्यासात दिसले आहे. सकाळी कोण खेकसले हे आजी विसरतात, पण हिरमुसलेल्याच बसून असतात.

हे तपासणीच्या कागदावर येत नाही, घरच्यांना दिसते; म्हणून दुपारचे शेवटचे सत्र भाषणांविना ठेवले आहे. त्यात घरची मंडळी बोलतील, तज्ज्ञ ऐकतील. वक्त्यांनी कृपया वेळ पाळावी. चहाबरोबर कंदी पेढे आहेत, आणि पुढच्या दोन रांगा दाराच्या जवळ आहेत.