सव्वा महिन्यानंतरचे दिवस



वर्धा जिल्ह्यातलं आंजी (मोठी) हे गाव आरोग्याच्या बाबतीत तसं सुदैवी. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रही आहे. लसीकरणाचं कार्ड, वजनकाटा, लोहाच्या गोळ्या इथल्या बायांना नव्या नाहीत. बाळाचं वजन किती भरलं हे आजीलाही तोंडपाठ असतं. पण बाळाच्या आईला झोप लागते का, हे विचारलं की घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगीच रडू येणं, चिडचिड होणं हे बऱ्याच जणींना होतं. दोन आठवड्यांच्या आत ते आपोआप ओसरतं. त्यासाठी दवाखाना लागत नाही. आईच्या हातचं गरम जेवण आणि कुणी टोचून न बोलणं एवढं पुरतं. पण रडू दोन आठवड्यांनंतरही थांबलं नाही, बाळ झोपलं तरी तिचा डोळा लागत नाही, डिंकाचा लाडू समोर तसाच पडून राहतो, ‘मी चांगली आई नाही’ हेच मनात घोळतं, तर ते नैराश्य असू शकतं. आपल्या देशातल्या अभ्यासांचा मेळ घातला तर साधारण पाचांतल्या एका आईला ते होतं. तो आजार आहे, तिचे नखरे नव्हेत.

गोव्यातल्या मातांचा एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात नैराश्याची कारणं काय निघाली? पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बिनसलेले संबंध आणि मुलगी होणं. म्हणजे दुखणं बाईच्या डोक्यात दिसत असलं, तरी त्याची मुळं घरात असतात. ‘पुन्हा पोरगीच झाली का?’ असं ओट्यावर बसून विचारणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सव्वा महिना शेक, मालिश, वेळेवर जेवण, धाकट्या बहिणीची सोबत. ही रीत मला मोलाची वाटते. घोर लागतो तो पुढे. ती सासरी येते तेव्हा कपाशीची वेचणी सुरू असते, घरची माणसं सकाळीच वावरात जातात. रात्रभर जागलेली बाई दिवसभर बाळाला घेऊन एकटी. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर आशाताई बाळाच्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येते. घरोघरी जाऊन नवजात बाळ सांभाळण्याची ही पद्धत विदर्भातच, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं रुजवली. पण नेमकी 42 व्या दिवसाच्या आसपास गाठोडं बांधून बाई गाव बदलते. माहेरची आशाताई तिला ओळखते, सासरची ओळखत नाही. म्हणून सासरी आल्या आल्या तिथल्या आशाताईला निरोप द्या.

आता जावईबापूंकडे वळतो. बायको माहेरी असते तेव्हा ते रविवारी मोटारसायकलवर येतात, अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात, चहा घेतात. बाळाला कुणीतरी बाहेर आणून दाखवतं, की निघाले! बायकोशी दोन शब्दही एकांतात होत नाहीत. सासूबाई, त्यांना आत जाऊ द्या, लेकरू त्यांच्या हातात द्या. बापालाही या काळात नैराश्य येतं. जगभरच्या अभ्यासांत ते दहांतल्या एकाला आढळलं आहे. पुरुष बहुधा रडत नाही. तो चिडतो, घराबाहेर राहतो, एखादा दारूकडे वळतो. कर्जाचा हप्ता आणि बाळाचा खर्च एकदम अंगावर आलेल्या माणसालाही ‘तुझं कसं चाललंय?’ असं मित्रानं विचारलं पाहिजे.

घरानं करायचं काय? माझ्या मते पहिलं औषध झोप. रात्री पाजून झालं की ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोळी हलवणं हे नवऱ्यानं करावं. आईला सलग चार तास मिळाले तरी दुसऱ्या दिवशी फरक दिसतो. दुसरं म्हणजे, बाळ रडलं की ‘दूध पुरत नसेल’ हे वाक्य घरात बंद करा. याच एका वाक्यानं कितीतरी जणी खचतात. आणि ती काही सांगू लागली, तर ‘आम्ही नाही का वाढवली पोरं?’ असं म्हणून तिला गप्प करू नका. ऐकून घ्या.

एवढ्यानं भागलं नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना स्पष्ट सांगा. बोलण्यातून होणारे उपचार आहेत, औषधंही आहेत. त्यांतली बरीच औषधं डॉक्टरांच्या सल्ल्यानं, बाळाला अंगावर पाजत असतानाही घेता येतात. मनानं सुरू करू नका आणि मनानं बंदही करू नका. हजारात एखाद-दुसऱ्या बाळंतिणीला भ्रम होतात, रात्र-रात्र झोप नसते, असंबद्ध बोलणं सुरू होतं. तिथे मांत्रिकाकडे जाऊन वेळ दवडायचा नाही, त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. जीव देण्याची किंवा बाळाला इजा करण्याची भाषा निघाली, तरीही तेच. आणि तोवर तिला क्षणभरही एकटं सोडायचं नाही.

सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा आहे. तिचा क्रमांक 14416. दिवसरात्र केव्हाही फोन लावा, मराठीत बोला. बाळंतिणीनं स्वतः लावावा असं नाही. नवऱ्यानं, नणंदेनं, सासूनं लावला तरी चालतो. क्रमांक पुन्हा सांगतो, लिहून घ्या: 14416.